निचरा लिहिलेला नाही

सरांनी छापलेल्या प्रत्येक लेखाचा एक तरी डाग काकूंच्या स्वयंपाकघरात आहे. ओट्याच्या कडेला जांभळा आहे, तो 'फुलांपासून शाई' या लेखाचा. पंख्याशेजारी छताला करडा गोल आहे, तो 'चौथीच्या वर्गात ज्वालामुखी'चा. फ्रिजच्या दारावर ओरखड्यांची रांग आहे आणि तिच्याखाली काकूंनी स्वतःच्या हातानं अंकाचा क्रमांक लिहून ठेवला आहे. कुणी पाहुणी आली की त्या हे सगळं फिरवून दाखवतात. "यांच्या अंकात काय येणार ते मला आधी भांड्यांवरून कळतं," म्हणतात. त्यात तक्रार किती आणि मिरवणं किती, हे इतक्या वर्षांत मला काही ठरवता आलेलं नाही.

अंक म्हणजे एक संशोधनपत्रिका. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, कला आणि गणित यांचे वेगवेगळे तास न करता ते एकत्र कसे शिकवावेत, एवढ्याच विषयाला वाहिलेली. सर अध्यापक विद्यालयातून निवृत्त झाले आणि पुढच्याच महिन्यात इंदिरानगरमधल्या आपल्या फ्लॅटमधून त्यांनी ती सुरू केली. वर्षातून चारदा निघायची, सगळी मराठीत. मान्यताप्राप्त यादीत तिचं नाव होतं, त्यामुळे राज्यभरातून लेख यायचे. मी तेव्हा एका बी.एड. कॉलेजात कंत्राटावर शिकवत होते, पीएच.डी.ला नाव घातलेलं होतं, आणि दर शनिवारी दुपारी सरांकडे टपालाची कामं करायला जायचे. लग्न होऊन अकोल्याहून नाशकात येऊन मला जेमतेम आठ-नऊ महिने झाले होते. ओळखीपाळखी नव्हत्या. खरं सांगायचं तर संशोधनाच्या ओढीनं कमी आणि काकूंच्या थालीपिठासाठी जास्त जायचे.

सरांचा एक प्रश्न होता, "केलंय का लिहिलंय?" लेख आला की लेखकाला फोन, आणि नमस्काराच्या आधी हा प्रश्न. समोरचा प्राचार्य असो नाहीतर नुकती पदवी घेतलेली पोरगी असो. मोठमोठी माणसं त्या प्रश्नाला अडखळताना मी ऐकली आहेत. एक गृहस्थ म्हणाले, "सर, म्हणजे संकल्पनेच्या पातळीवर केलंय." सर शांतपणे म्हणाले, "मग छापतोही त्याच पातळीवर," आणि फोन ठेवला. हा प्रश्न फक्त लेखांपुरता नव्हता. एकदा सोसायटीच्या सेक्रेटरींनी गच्चीची टाकी साफ केल्याची नोटीस लावली, तर सरांनी तिच्याखाली पेन्सिलीनं तेच तीन शब्द लिहिले. सेक्रेटरी चार दिवस बोलत नव्हते, पण पाचव्या दिवशी टाकी धुवायला माणसं आली.

लेखातला प्रत्येक उपक्रम सर स्वतः करून बघायचे, आणि तोही लेखात लिहिलाय अगदी तस्साच. 'मिश्रण थोडा वेळ बाजूला ठेवावे' असं एका बाईंनी लिहिलं होतं. सरांनी त्यांना फोन केला, "थोडा म्हणजे किती? मी परवापासून ठेवलंय आणि आता बायको घर सोडून जायचं म्हणतेय." मागून काकू ओरडल्या, "मी नाही, मिश्रणच जाणारे आता चालत." त्या बाईंनी पुढे तीन लेख लिहिले आणि प्रत्येकात मिनिटं लिहिली.

आणि कात्री. सरांना न आवडलेला शब्द ते खोडायचे नाहीत, कापून काढायचे. 'सर्वांगीण', 'अभिनव', 'कालसुसंगत', 'आजच्या धकाधकीच्या युगात'. लेख परत जायचा तो खिडक्या पडून. कापलेले शब्द एका शिकेकाईच्या डब्यात साठायचे. डबा भरला की सर ते भिजवून लगदा करायचे. त्या लगद्याचा एक मुखवटा दिवाणखान्यात टांगलेला होता, गोल चेहरा आणि मोठ्ठं उघडं तोंड. आल्यागेल्याला सर ओळख करून द्यायचे, "हे आमचे सर्वांगीण." माझ्या गाईडनी एकदा त्या मुखवट्याचं मनापासून कौतुक केलं. त्यांच्याच लेखातले निदान वीस शब्द त्याच्या नाकात असतील, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यापासून सुरू झालं.

एकात्मिक शिक्षणाच्या या पद्धतीला इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे 'स्टीम' म्हणतात. लेखांची शीर्षकंही तशीच, 'प्राथमिक स्तरावर स्टीमची अंमलबजावणी' वगैरे. एका शनिवारी असाच एक लेख परीक्षणाला पाठवायचा होता आणि सर डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलेले. टेबलावर त्यांची लाल वही होती, विषय आणि पुढे नावं. मी 'स्टीम' शोधलं. नाव एकच होतं, गांगुर्डे, एकलहरे. मी लेख पाकिटात घातला, पत्ता लिहिला, तिकिटं लावली आणि स्वतःवर खूष होऊन घरी गेले.

ती वही परीक्षकांची नव्हतीच. कोणाला काय विचारायचं, याची ती सरांची खासगी यादी होती. गांगुर्डे हे एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात बॉयलर सांभाळणारे ऑपरेटर. कुकरच्या शिट्टीवरच्या एका लेखासाठी सरांनी त्यांना दोन प्रश्न विचारले होते, म्हणून त्यांचं नाव 'स्टीम'पुढे, म्हणजे खऱ्या वाफेपुढे.

दहा दिवसांनी त्यांचं परीक्षण आलं, आखीव कागदावर, शिफ्टच्या नोंदवहीसारख्या सुटसुटीत अक्षरात. सरांनी ते मोठ्यानं वाचलं.

"एक. पहिली ते चौथीच्या मुलांना स्टीमजवळ नेऊ नये. दोन. प्रेशर किती ते लिहिलेले नाही. तीन. सेफ्टी व्हॉल्व्हचा उल्लेख नाही. चार. पूर्ण कागद दोन वेळा वाचला. त्यात एकदाही कोणी पाणी गरम केलेले दिसत नाही. मग स्टीम आली कुठून?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. काकू पदर तोंडाला लावून आत पळाल्या. सर मात्र हसत नव्हते. त्यांनी चौथा मुद्दा परत वाचला, मग तो लेख काढला आणि उभ्या उभ्या पुरा वाचला. सर लेख नेहमी ओट्याशी उभे राहूनच वाचायचे, बसून वाचलं की वाईट लेखही बरा वाटतो म्हणायचे.

"बाई," ते म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. अठरा पानांत कुणी काही केलेलंच नाही."

त्या दिवसापासून अंकाचा नियमच झाला. प्रत्येक लेख दोघांकडे जायचा, एक पदवीवाला आणि एक कामवाला. सुतारकामाचा लेख असेल तर सुताराकडे, मापांचा असेल तर सातपूरच्या कारखान्यातल्या टर्नरकडे. आणि जिथे कुणीच सुचणार नाही तिथे गांगुर्डेकाका. पुण्याच्या एका परिषदेत कुणीतरी सरांना खवचटपणे विचारलं, "तुमचे बॉयलरवाले कसे आहेत?" सर म्हणाले, "वेळेवर पाठवतात. तुमचं परीक्षण मार्चपासून यायचंय."

या सगळ्याची मला फार गंमत वाटायची, माझा स्वतःचा लेख आत जाईपर्यंत.

प्रबंध सादर करायचा तर आधी एक शोधनिबंध स्वीकारल्याचं पत्र लागायचं. प्रबंधाची तारीख जुलैअखेर. आमच्या कॉलेजात एक कायम जागा भरायची होती आणि ज्याचा प्रबंध आधी जाईल त्याची ती, हे सगळ्यांना माहीत होतं. शर्यतीत दोघंच, मी आणि एक सहकारी. त्यांनी आपला लेख कुठल्याशा ऑनलाइन पत्रिकेत चार दिवसांत छापून आणला होता. "तूही दे तिकडे," ते चांगुलपणानं म्हणाले. पण मला सरांच्याच अंकात हवा होता. त्यातही प्रामाणिकपणा होता असं नाही, मिरवायचं होतं.

माझा उपक्रम होता 'भाजीच्या सालींपासून रंग'. सातपूरच्या एका शाळेत पाचवीच्या मुलांबरोबर सहा शनिवार. कांद्याची सालं, हळद, बीट उकळून रंग करायचे, पाण्याचं नि रंगाचं प्रमाण काढायचं, भेंडीच्या ठशांनी कापडावर नक्षी छापायची. विज्ञान आलं, गणित आलं, कला आली. पहिले दोन शनिवार छान झाले. सालं गोळा केली, कागदावर नक्ष्या काढल्या. मग होळी आली आणि मी माहेरी गेले. बाबांची तब्येत बिघडली म्हणून दहा दिवस राहिले. परत आले तर शाळेत परीक्षांची गडबड, शनिवार मिळेनात.

मग मी उरलेले चार दिवस लिहिले.

लाज वाटते, पण लिहिले. तक्ता केला, तारखा टाकल्या, शनिवार मिळत नव्हते म्हणून मधले वारही घेतले. हजर मुलं अठ्ठावीस. प्रमाणं पुस्तकांतून काढली. निष्कर्ष तर आधीच तयार होते. एप्रिलमध्ये लेख सरांच्या हातात दिला. आता विचारतील, केलंय का लिहिलंय. उत्तरही घोकून ठेवलं होतं.

सरांनी लेख घेतला, ओट्याशी उभं राहून पुरा वाचला. एका पानावर जरा जास्त रेंगाळले. मग चष्मा काढून म्हणाले, "थालीपीठ गार होतंय."

प्रश्न विचारलाच नाही. आपल्या माणसावर विश्वास आहे, अशी मी समजूत करून घेतली आणि दोन थालीपिठं जास्त खाल्ली. दुसऱ्या दिवशी सरांनी लेख स्वतः टपालात टाकला. पदवीवाल्या परीक्षकांनी आठवड्यात कळवलं, 'अभिनव उपक्रम, छापावा.' गांगुर्डेकाकांचा आखीव कागद मेच्या सुरुवातीला आला. एकच ओळ होती.

'निचरा लिहिलेला नाही.'

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"मला काय माहीत," सर म्हणाले, "त्यांनाच विचारा."

दुसऱ्याच दिवशी मी नाशिकरोडला उतरून एकलहऱ्याची रिक्षा धरली. मनात म्हणत होते, एका ओळीसाठी माझी नोकरी अडवतो म्हणजे काय हा माणूस. गांगुर्डेकाका नुकते पहिली शिफ्ट करून आले होते. कॉलनीतलं नेटकं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली नातीच्या शाळेचं वेळापत्रक. माझा लेख त्यांनी प्लॅस्टिकच्या कव्हरात ठेवला होता.

"मॅडम, रागावू नका," ते म्हणाले. "मला समजलं नाय म्हणून इचारलं. पोरं रंग करतात, ठसे मारतात, मग एकदम निष्कर्ष. मधी पाणी गेलं कुठं?"

"कुठलं पाणी?"

"रंगाचं. अठ्ठावीस पोरं, अठ्ठावीस वाट्या. शिवाय उकळायची भांडी. आमची नात हाये पाचवीत. तिची एक वाटी सांडली तर घरात अर्धा दिवस जातो." त्यांनी चहाची बशी माझ्याकडे सरकवली. "आमच्याकडं बॉयलर पेटवणारे लय मिळतील. बंद कोण करतो ते बघत्यात. पाणी कुठं सोडायचं, किती वेळात, तिथं उभं कोण राहणार, हे लिहिल्याबिगर शिफ्ट सोडता येत नाय. ज्यानं खरंच चालवलंय, त्याला निचरा आठवतोच. तोच तर ताप असतो."

"एक वाक्य घालते मग," मी म्हणाले.

"घाला की. नळ किती हायेत शाळेत?"

मला माहीत नव्हतं. त्या दोन शनिवारी पाण्याशी संबंधच आला नव्हता. मी एक म्हणू शकत होते, दोन म्हणू शकत होते, तिथे तपासायला कोण जाणार होतं. पण त्या माणसाकडे बघून माझ्या तोंडून आकडा निघेना. चहा पिऊन मी उठले. काकू, म्हणजे गांगुर्डेकाकांच्या पत्नी, दारापर्यंत आल्या आणि उगाचच म्हणाल्या, "हुईल, हुईल समदं नीट."

तिथून थेट इंदिरानगर. रिक्षात रडून डोळे सुजले होते. सरांना म्हटलं, "माझा लेख मला परत द्या."

"देतो की."

"का परत मागते ते तरी विचारा. काऊन विचारत नाही तुम्ही?" रागावले की माझी वऱ्हाडी बाहेर येते.

"काऊन," सर चव घेतल्यासारखं म्हणाले. "छान शब्द आहे. हा नाही कापणार कधी." मग खिडकीबाहेर बघत त्यांनी विचारलं, "शाळा कधी उघडते?"

"जूनच्या मध्याला."

"मग जुलैच्या अंकात तुमची पानं राखून ठेवतो."

एवढंच बोलणं झालं. लेख त्यांनी परत दिला नाही आणि मीही पुन्हा मागितला नाही.

शाळा उघडली त्या पहिल्या शनिवारी मी सातपूरला गेले. मुलं आता सहावीत गेली होती आणि अठ्ठावीस नव्हे, एकतीस होती. नळ दोन होते आणि त्यातला एक नुसता ठिबकत होता. लेखात मी मुलं प्रमाण काढताना रंगवली होती. प्रत्यक्षात त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत हळद एकमेकांच्या गालांना लावली. बीट दोघांनी खाऊन टाकलं. कांद्याचा रंग मात्र सुरेख आला, पण तो भगवा की तपकिरी यावर मुलींची भांडणं लागली. मी घामाघूम. तास संपायला आला आणि सगळ्या वाट्या त्या एका नळाशी गोळा झाल्या. धक्काबुक्की, साबणाची एकच वडी, आणि मोरीतून वाहणारं पिवळं पाणी.

"बाई, मोरीतलं पाणी लाल झालं," अस्मा म्हणाली. एरवी वर्गात तोंड न उघडणारी मुलगी.

कुणाला लागलं की काय म्हणून मी धावले. कुणालाच लागलं नव्हतं. हळदीचं पाणी साबणाच्या पाण्याला मिळत होतं आणि मिळेल तिथे तांबडं होत होतं. एकतीस मुलं मोरीभोवती गोळा झाली. ठसे, कापड, नक्षी, सगळं तिकडेच राहिलं. "बाई, साबणानंच होतं का?" "बाई, चुन्यानं होईल का?" "परत पिवळं करता येईल का?" मला उत्तरं माहीत होती, मी एम.एस्सी. आहे. पण हे या मोरीत घडणार, हे मला कुठे माहीत होतं.

पुढचे शनिवार आम्ही मोरीतच काढले. मुलांनी घरून चुना, धुण्याचा सोडा, लिंबं आणली. एक वाटी लाल पाणी परत पिवळं करायला लिंबाचे किती थेंब लागतात, याचा तक्ता अस्मानं केला. हळद लावून वाळवलेल्या कापडावर साबणाच्या काडीनं लाल चित्रं काढायची युक्ती मुलांचीच. तक्त्यातले आकडे वाकडेतिकडे होते, दोन दिवसांचे एकमेकांशी जुळत नव्हते, म्हणून आम्ही परत केलं. त्या सगळ्यात जुलै संपला. माझी तारीख गेली. ती जागा सहकाऱ्यांना मिळाली. पेढे त्यांनी आणले तेव्हा मी दोन घेतले, आणि घरी येऊन नवऱ्याशी विनाकारण भांडले.

जुलैचा अंक आला. त्यात मधली बारा पानं कोरी होती. पहिल्या कोऱ्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलं होतं, 'येथील लेख अजून चालू आहे. पाने राखून ठेवली आहेत. तोवर वाचकांनी वापरावीत.' छापखान्यानं दोनदा फोन करून विचारलं होतं म्हणे, पानं राहिली का. पुढे कितीतरी शिक्षकांनी ती पानं मुलांची चित्रं काढून, हिशेब करून परत पाठवली. काकूंनी ती सगळी दारामागे चिकटवली.

ऑक्टोबरच्या अंकात माझा लेख आला. 'निचरा' नावाचं त्याचं एक प्रकरण होतं आणि तेच सगळ्यात मोठं होतं. गांगुर्डेकाकांचा शेरा होता, 'निचरा ठीक. छापावे.' मला आजवर मिळालेल्या सगळ्या प्रशस्तिपत्रांत मी ते वर ठेवते. प्रबंध सहा महिन्यांनी गेला. कायम जागा दोन वर्षांनी मिळाली, त्याच कॉलेजात. आज मी तिथे विभागप्रमुख आहे आणि माझं बरं चाललं आहे. अस्मा केमिस्ट्री शिकतेय. मधून मधून फोन करते.

सरांनी यंदा ऐंशी पूर्ण केली आणि अंक बंद केला. हळहळायला आलेल्या लोकांना त्यांनी हळहळू दिलं नाही. "चालवला, आता बंद करतोय. यात रडण्यासारखं काय आहे?" म्हणाले. शेवटच्या अंकाचं शेवटचं पान म्हणजे 'अंक बंद करण्याची कृती' होती. आलेले लेख कुणाकडे सोपवले, जुने अंक कुठल्या वाचनालयात ठेवले, शिकेकाईचा डबा कुणाला दिला, सगळं क्रमानं. सर्वांगीणांचं काय झालं तेही होतं, ते छापखान्याच्या दारावर गेले. छापायच्या आधी ते पान एकलहऱ्याला गेलं होतं. गांगुर्डेकाकाही आता निवृत्त आहेत, पण त्यांनी तपासून पाठवलं.

त्या कृतीत एक कलम होतं, 'प्रत्येक लेखाची मूळ फाइल लेखकाला परत करावी.' माझी फाइल मला मागच्या आठवड्यात मिळाली. काकूंनी पिशवीत घालून दिली, वर थालीपिठाचा डबा. घरी येऊन उघडली. तो एप्रिलमधला पहिला लेख, मी 'लिहिलेला'. एकही खिडकी पडलेली नव्हती. फक्त तक्त्याच्या पानावर, चौथ्या दिवसाच्या तारखेला सरांनी पेन्सिलीनं गोल केला होता आणि समासात लिहिलं होतं,

'रंगपंचमी. शाळेला सुट्टी. आपण विचारू नये. गांगुर्डे यांच्याकडे पाठवावा.'

ती तारीख मी पुन्हा वाचली. आमच्या अकोल्याला रंग धुळवडीलाच संपतो. नाशकात तो होळीनंतर पाचव्या दिवशी, रंगपंचमीला खेळतात, त्या दिवशी सगळं गाव बंद असतं, जुन्या नाशकात रंगाचे हौद उघडतात आणि लोक त्यात उड्या मारतात. आज हे मला झोपेतही सांगता येईल. त्या वर्षी मी नवीन होते, आणि त्या दिवशी अकोल्यात बाबांच्या उशाशी होते. कॅलेंडरवर बोट ठेवून मी नेमका तोच वार उचलला होता.

पहिल्यांदा राग आला. एवढी वर्षं. मी यांच्याकडे शनिवार-शनिवार जेवते आणि यांना पहिल्या दिवसापासून माहीत. माझी जागा गेली तेव्हाही माहीत. तशीच फाइल घेऊन इंदिरानगरला गेले. सर गॅलरीत कुंडीतली मिरची मोजत होते.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

त्यांनी पान बघितलं. "नाशकात कुणाला माहीत नसणार? अख्खं गाव रंगात लोळत होतं आणि सातपूरला अठ्ठावीस पोरं शांतपणे हळदीचं पाणी मोजत होती. वाचून मला फार हसू आलं. दाबायला त्रास पडला."

"मग विचारलं काऊन नाही? जगाला विचारता, केलंय का लिहिलंय. मला का नाही विचारलंत?"

सरांनी मिरची ठेवली. "विचारलं असतं तर तुम्ही 'केलंय' म्हणाला असता. तयारीनं आला होता. आणि एकदा तुम्ही तसं म्हणाला असता, तर मग ते तुम्हाला कायमचं सांभाळावं लागलं असतं."

खरं होतं. मी म्हणालेच असते. आणि मग ना मोरी झाली असती, ना अस्मा, ना या घरात पुन्हा पाऊल टाकायचं तोंड राहिलं असतं.

आतून काकूंनी विचारलं, "अगं, चहा टाकू का?" मी हो म्हणाले. डोळे पुसले आणि सरांना सांगितलं की हे सगळं मी लिहिणार आहे, तक्त्यासकट, काही न लपवता माझ्याच तोंडानं.

"केलंय का—" सर सवयीनं म्हणायला लागले आणि थांबले.

"तेव्हा लिहिलं ते केलं नव्हतं, आणि केली ती लबाडी लिहिली नव्हती," मी म्हणाले. "आता दोन्ही एकदम."

सर बराच वेळ हसले. मग फाइल माझ्या हातात परत देत म्हणाले, "मग गांगुर्ड्यांना दाखवून घ्या."

लिहून झाल्यावर हे सगळं त्यांना दाखवलं. काल त्यांचा आखीव कागद आला.

'निचरा ठीक.'